मोठा झालेला श्याम कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: जवळजवळ प्रत्येकाने शाळेच्या वयात वाचलेली, एका मुलाच्या वाढण्याची जुनी कादंबरी पटकथेत उतरवायची आहे. कादंबरी ‘मी’ सांगतो. पहिला खर्डा दोनशे पानांपुढे गेलाय, पानोपानी व्हॉइसओव्हर आहे, एकही प्रसंग गाळवत नाही. आणि एवढं करूनही पुस्तक वाचताना गळा दाटून यायचा तो पटकथा वाचताना दाटत नाही. काय गाळू, निवेदन ठेवू का, आणि वाचक रागावतील त्याचं काय?

तुम्ही गाळण्यापासून सुरुवात केलीत, म्हणून अडकलात. त्याच्या आधीचा एक निर्णय राहिलाय.

अशा कादंबरीत माणसं दोन असतात. एक वाढणारं मूल, आणि दुसरा, तेच मूल मोठं होऊन मागे वळून बघणारा. पुस्तकात दोघं एकाच वाक्यात नांदतात. ‘त्या दिवशी मी आईवर रागावलो’ एवढ्या वाक्यात रागावलेला मुलगा आहे आणि आज ते सांगताना कासावीस होणारा माणूसही आहे. कॅमेऱ्यासमोर मात्र मुलगा एकटाच उभा राहतो. पडद्यावर जे दिसतं ते आत्ता, डोळ्यांदेखत घडतं. तिथे भूतकाळ आपोआप येत नाही. दुसऱ्या माणसाला कुठे ठेवायचं हे न ठरवता लिहायला बसलं की तो व्हॉइसओव्हर होऊन पानोपानी डोकावत राहतो. तुमच्या खर्ड्यात तेच झालंय. पुस्तकात गळा दाटायचा तो त्याच्यामुळे, आणि तो नेमका बेघर आहे.

तुम्ही कादंबरीचं नाव दिलेलं नाही, म्हणून सगळ्यांना माहीत असलेली ‘श्यामची आई’ घेतो. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की मोठा श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. लोकांच्या लक्षात राहतं ते लहान श्यामचं पोहणं, फुलं, मोरी गाय. पण पुस्तकाची धग कुठे आहे ते शोधायचं तर शेवटच्या काही रात्री पुन्हा वाचा. आई गेली तेव्हा श्याम तिच्याजवळ नव्हता. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. आधीच्या प्रत्येक रात्रीत हा न पोचलेला मुलगा बोलतोय. शिंपटीने फोडून काढणारी आई नंतर त्याच हाताने वळांवर तेल लावते, हा प्रसंग सांगताना त्याचा आवाज भरून येतो तो त्या तेलामुळे थोडा, आणि ते हात आता नाहीत म्हणून जास्त. हे सुटलं की उरतात बेचाळीस बोधकथा. बोधकथा एकामागून एक लावल्या की तिसऱ्या-चौथ्यालाच प्रेक्षक पुढचा बोध ओळखून मोकळा होतो.

आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. वनमालांची आई आणि माधव वझ्यांचा श्याम आजही डोळ्यांसमोर येतो. मला त्या चित्रपटाचं मोठेपण वाटतं ते आईला चालत्याबोलत्या, कष्ट करणाऱ्या, चिडणाऱ्या बाईचं शरीर दिलं यात. पुस्तकात ती आठवणीतून येते, त्यामुळे तिच्याभोवती तेजोवलय असतं. पडद्यावर तिला विहिरीवरून पाणी आणावं लागतं. सुजय डहाकेंनी २०२३ मध्ये हाच विषय कृष्णधवल चित्रपटात पुन्हा घेतला, आणि त्यात ओम भूतकरांच्या रूपाने साने गुरुजींनाच पडद्यावर आणलं. म्हणजे दुसऱ्या माणसाला चेहरा दिला. ग्रेटा गर्विगने २०१९ च्या ‘लिटल विमेन’मध्ये मोठ्या झालेल्या नायिकेपासून, ‘जो’पासून, सुरुवात केली आणि बालपण मधेमधे विणलं, मूळ कादंबरी १८६८-६९ ची, आणि सरळ काळाच्या ओघात जाणारी. मोठ्या माणसाला शेजारी उभं करायचा हा मार्ग उघड आहे आणि चांगलाही आहे. अट एकच: मोठ्या माणसाच्या वाट्याला स्वतःचं काहीतरी घडलं पाहिजे. नुसता खिडकीशी बसून आठवणारा माणूस प्रेक्षक पाच मिनिटं सहन करतात.

‘शाळा’चं गणित वेगळं आहे. मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशी नववीत आहे आणि नववीतल्याच डोक्याने सांगतो. त्याच्यामागे म्हातारा मुकुंद उभा नाही. बाहेर आणीबाणी चालू आहे. ती त्याला अर्धीमुर्धी कळते, वाचकाला पूर्ण कळते. इथे दुसरा माणूस म्हणजे आपणच. हे ओळखलं की पटकथा हलकी होते, कारण समजावून सांगायची गरजच संपते: मुलगा त्याला आवडणाऱ्या शिरोडकर या वर्गातल्या मुलीकडे बघत राहतो, मागे मोठी माणसं कुजबुजतात, आणि ती कुजबुज प्रेक्षक ऐकतो. या रूपांतरासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना आधारित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या कादंबरीतला ‘मी’ किती वयाचा होऊन बोलतोय, हे आधी नक्की करा. पन्नाशीतला आणि पंधराव्या वर्षातला ‘मी’ यांची पटकथा एका पद्धतीने होत नाही.

आता ज्या रूपांतराने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याकडे येतो. बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची ‘पथेर पांचाली’ पुस्तकरूपाने १९२९ ला आली, सत्यजित रायांचा चित्रपट १९५५ ला. कादंबरीत ‘मी’ नाही, पण निवेदक इतका मायाळू आहे की त्यातल्या लहान मुलाच्या, अपूच्या, डोक्यावरून त्याचा हात सतत फिरत असतो. रायनी व्हॉइसओव्हर ठेवलाच नाही. तो हात त्यांनी क्रमात आणि वस्तूंत घातला.

क्रम कसा, ते बघा. कादंबरीत इंदिर ठाकरूण ही म्हातारी फार लवकर, अपू कळता होण्याआधीच मरते. चित्रपटात ती पुष्कळ जगते, पोरांची सोबतीण होते. कादंबरीत अपूच्या मोठ्या बहिणीला, दुर्गाला, आगगाडी बघायला मिळतच नाही. आजारपणात ती अपूला गाडी दाखवायला सांगते, आणि वाचकाच्या काळजाला तेच लागतं. रायनी बहीणभावंडांना काश गवताच्या तुऱ्यांमधून गाडीच्या दिशेने पळवलं. दुर्गा धडपडून मागे राहते, अपू पोचतो. आणि त्या आनंदात परत येताना बांबूच्या बनात त्यांना म्हातारी सापडते, मरणाच्या दारात. कादंबरीत लांब लांब असलेल्या दोन गोष्टी एका दुपारी आल्या. जग केवढं मोठं आहे आणि माणूस मरतो, हे दोन्ही त्या मुलाला एकाच वाटेवर कळलं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. घटना बदलल्या म्हणून इथे कादंबरीशी दगा झाला असं मला मुळीच वाटत नाही. वाचकाला मिळणारं दुःख प्रेक्षकाला मिळावं म्हणूनच त्या बदलल्या.

वस्तूचं उदाहरण त्याहून थोर आहे. दुर्गावर चोरीचा आळ आलेला असतो. ती गेल्यानंतर घर सोडताना सामान आवरताना अपूला ती चोरलेली वस्तू सापडते. कादंबरीत ती सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावून देतो. चित्रपटात ती माळ आहे आणि तो ती तळ्यात टाकतो. तळ्यावर शेवाळ आहे. माळ पडते, शेवाळ फाकतं, पाण्याचा काळा डोळा दिसतो, आणि हळूहळू शेवाळ पुन्हा मिटतं. बहिणीचं गुपित आता कुणालाच कळणार नाही, आणि ते झाकण्याइतका हा मुलगा मोठा झालाय. पुस्तकात हे निवेदक सांगू शकतो. इथे तळं सांगतं. बनातल्या पाचोळ्यात पडलेली वस्तू पडद्यावर नुसती पडली असती. जमिनीचं पाणी करणं हा या रूपांतरातला मला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो, आणि मूळ लेखकाचा प्रसंग जिवाला लावून वाचल्याशिवाय तो सुचत नाही.

त्याच्या थोडं आधीचं आणखी एक बघा. दुर्गा गेल्यावर अपू एकटा दात घासतो, स्वतःचे केस स्वतः विंचरतो, अंगावर पांघरूण घेतो, बाहेर पडता पडता आभाळाकडे बघून छत्री घ्यायला परत फिरतो. आधी त्याला कुणीतरी आवरून द्यायचं. ‘तो आता मोठा झाला’ हे वाक्य तुमच्या खर्ड्यात जिथे जिथे आहे, तिथे तिथे हा छत्रीचा प्रसंग आठवा.

तर आता तुमच्या कादंबरीत असा क्षण शोधा: मूल पहिल्यांदा कुणी न सांगता, कुणी न बघता काहीतरी करतं. पुस्तकात तो कदाचित अर्ध्या ओळीत असेल. तुमची पटकथा तिथे पोचण्यासाठी आहे. हा क्षण सापडला की गाळायचं काय ते बऱ्याच अंशी ठरतं, कारण त्या क्षणाची तयारी न करणारा प्रसंग कितीही लाडका असला तरी पाहुणा ठरतो.

‘श्यामची आई’वर ही रीत लावून बघा. पुस्तकाच्या शेवटच्या भागात कर्ज, सावकाराच्या माणसाने केलेली अप्रतिष्ठा, आईचं आजारपण हे सगळं दाटून येतं. एकत्र कुटुंबातून बाहेर पडून झोपडीत राहायला जाणं मात्र आधीच होऊन गेलेलं असतं. म्हणजे घर खचत जाण्याची एक सलग गोष्ट पुस्तकात आहे, ती रात्रींमध्ये विखुरली आहे. मी लिहिलं असतं तर कर्ज पहिल्या दहा मिनिटांत घरात आणलं असतं, मुलाला न कळणाऱ्या रूपात: वडील उशिरा जेवतात, दारात कुणी आलं की आई आत जाते. मग ‘अळणी भाजी’ची रात्र नुसती संयमाची गोष्ट राहत नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवून उठतात, आणि ती स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं. ज्या घराच्या अब्रूला बाहेर धक्के बसताहेत त्या घरात नवरा बायकोची अब्रू अशी राखतो. संवाद लागत नाही. मुलगा वडिलांच्या तोंडाकडे बघतो, मग आईच्या, एवढं लिहा.

व्हॉइसओव्हरबद्दल. मी त्याच्या विरुद्ध नाही. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’च्या १९६२ च्या चित्रपटात गोष्टीतल्या लहान मुलीचा, स्काउटचा, मोठेपणीचा आवाज आहे, मोजका, आणि त्या गावाची संथ हवा तो एका दमात उभी करतो. तुमच्या खर्ड्यातलं निवेदन खोडून प्रत्येक दृश्य वाचा. दृश्य तसंच कळत असेल तर निवेदन काढा. दृश्य कळेनासं झालं तर दृश्य दुरुस्त करा, निवेदन परत आणू नका. दृश्य कळतंय पण त्याचा अर्थ बदलला, असं जिथे होईल तिथेच ते आवाजाचं वाक्य ठेवा. मुलगा हसतोय आणि आवाज सांगतोय की ही त्या घरातली शेवटची दिवाळी. असं दोन-चार ठिकाणीच होईल.

काळ आवळा. पटकथाकार हॉर्टन फूटने मॉकिंगबर्डमधली तीनेक वर्षं जवळजवळ एका वर्षात आणली. ‘शाळा’ला नववीचं एक वर्ष आयतंच मिळालं. मुलगा सहा वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंत दाखवायचा असेल तर तीन नट लागतील, आणि नट बदलला की प्रेक्षकाची माया पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागते. फार तर दोन वयं घ्या. रायना पैशांअभावी चित्रीकरण अडीच-तीन वर्षं रेंगाळत न्यावं लागलं. अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वाढली नाही आणि इंदिर ठाकरूण झालेल्या चुनीबाला देवी तग धरून राहिल्या, हे तीन चमत्कार असं ते म्हणत. तुम्ही चमत्कारावर विसंबू नका.

एक व्यवहाराची गोष्ट, जी पटकथाकारांना कुणी सांगत नाही. ‘मी’ची कादंबरी म्हणजे मूल प्रत्येक दृश्यात. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जातो. नियम योग्यच आहेत. पण मग शेड्यूल दुप्पट होतं, निर्माता घाबरतो, आणि सेटवर घाईघाईत दृश्यं कापली जातात. त्यापेक्षा तुम्हीच लिहितानाच सोय करा. मूल बघतंय आणि आपण त्याला दिसतंय ते बघतोय, अशी दृश्यं जास्त लिहा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्यांचे हात, पदर, अर्धवट ऐकू येणारं बोलणं. हे शॉट मूल घरी गेल्यावरही घेता येतात, आणि ‘मी’चं निवेदन पडद्यावर आणायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

जुन्या कादंबरीत आज टोचणाऱ्या गोष्टी असतात, त्यांचं काय करायचं हेही ठरवावं लागेल. ‘श्यामची आई’त एका महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी येऊन आंघोळ कर असंही सांगते. हल्ली पहिली सूचना येते ती आंघोळ काढून टाकण्याची. ती ठेवा, असं मी कळकळीने सांगतो. ती काढली की आई आपल्या काळाबाहेरची देवी होते आणि त्या म्हातारीवरचा अन्याय कुणी केलाच नव्हता असं दिसतं. ठेवली तर आई एक पाऊल पुढे टाकलेली आणि तिथेच थांबलेली बाई म्हणून उभी राहते. मुलगा न्हाताना काय विचार करत असेल, तो विचार प्रेक्षकावर सोडा. आणि ती म्हातारी नुसती पाठमोरी ठेवू नका; तिला चेहरा द्या, आंघोळीचं तिला ठाऊक आहे हे त्या चेहऱ्यावर दिसू द्या.

संवाद पुस्तकातून उचलू नका. छापील संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले असतात. त्या भागातल्या एखाद्या वयस्क बाईला बसवून ते मोठ्याने वाचून घ्या. जिथे ती अडखळेल तिथे वाक्य बदला. मुलगा आईला ‘अगं’ म्हणतो आणि वडिलांना ‘अहो’, हे अंतर शेवटपर्यंत सांभाळा. वडिलांशी बोलताना त्याची वाक्यं आखूड होतील, आईशी लांबतील, भांडतील, तुटतील.

वाचकांच्या रागाची भीती घालवायचा एक उपाय मी नेहमी करतो. कादंबरी पूर्वी वाचलेल्या, वेगवेगळ्या वयाच्या पंधरा-वीस जणांना पुस्तक न उघडता काय आठवतं ते विचारा. चार-पाच प्रसंग सगळ्यांच्या तोंडी येतील. त्यातला एखादा अनेकांना चुकीचा आठवेल, आणि ती चूक फार मोलाची आहे, कारण ती सांगते की पुस्तकाने त्यांच्या मनात काय पेरलं. रायनी ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढली होती, आणि चित्रपटाचा विचार तिथून रुजला. चित्रकार काय करतो? शेकडो पानांतून मोजकी दृश्यं निवडतो. तुम्हीही पुस्तक बाजूला ठेवून दहा-बारा चित्रं काढा, वेडीवाकडी चालतील. मग त्या चित्रांमधून नवी वनलाइन, म्हणजे दृश्यांची एकेका ओळीतली यादी, लिहा. दोनशे पानांचा खर्डा कापत बसू नका, त्याने जखमा दिसत राहतात. नवा लिहा, एकशे दहा-वीस पानांत बसेल असा.

हक्कांचं आधी बघा, नंतर नाही. आपल्याकडे साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. साने गुरुजी आणि बिभूतिभूषण दोघंही १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा भारतातला हक्क २०१० अखेर संपला. पण पुस्तक मोकळं झालं म्हणून त्यावरचा जुना चित्रपट मोकळा होत नाही. अत्रे १९६९ ला गेले. त्यांनी लिहिलेल्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. संगीतकार वसंत देसाई १९७५ ला गेले, म्हणजे त्यांच्या चालींचा २०३५ पर्यंत. लहानपणापासून चित्रपट बघितलेला असला की एखादा प्रसंग पुस्तकातला की पडद्यावरचा, हे आपल्यालाच आठवत नाही. म्हणून नव्या वनलाइनमधल्या प्रत्येक दृश्यापुढे पुस्तकातला पान क्रमांक लिहा. ज्याला पान नाही ते तुमचं स्वतःचं आहे की जुन्या चित्रपटातून आलंय ते तपासा. लेखक हयात असेल तर परवानगी लेखी घ्या, आणि प्रसंगांचा क्रम व शेवट बदलण्याची मुभा त्या करारातच स्पष्ट मागा.